पहिल्या खेपेचा आवाज

नर्सने दारातून "स्कोलास्टिका कालाबा" अशी हाक मारली तेव्हा प्रोटासिओ चितुंडूच्या मनात आधी आलं ते असं, की हिची काहीतरी गफलत होते आहे. ही बाई तर मेलेली आहे. तो रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी भिंतीकडेच्या बाकावर बसला होता. पंखा बंद होता आणि खाणींच्या किट्वे शहरातली दुपार खिडकीच्या काचपट्ट्यांमधून आत सांडत होती. हाक दुसऱ्यांदा आली तशी समोरच्या बाकावरची एक बाई गुडघ्यांवर हात रेटत उठली. बुटकी, रुंद, कमरेला विटका चितेंगे गुंडाळलेला, पायांत रबरी सपाता. नर्सला ती काहीतरी म्हणाली आणि तिचा आवाज त्याला ऐकू आला. जाड, खालचा, फरशीवरून भरलं पातेलं सरकवावं तसा. हा तो आवाज नव्हता. त्याला थोडं हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लगेच शरमही वाटली. एकाच नावाच्या बायका काय थोड्या असतात? पण कालाबा आणि स्कोलास्टिका हे दोन शब्द त्याने एकत्र पाहिले होते ते एकाच ठिकाणी. 'इंकुबा' नावाच्या रॉक बँडची जी एकुलती एक मोठी तबकडी निघाली, तिच्या कव्हरच्या मागच्या बाजूला, ढोल वाजवणाऱ्याच्या नावाखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. कारखान्यातून निघालेल्या पुढच्या खेपांत ती अक्षरं मोठी झाली. पहिल्या खेपेत ती इतकी बारीक होती की त्याने ती भिंगाखाली वाचली होती, आणि त्या बारीकपणावरूनच ही तबकडी अस्सल पहिल्या खेपेची आहे हे ओळखलं होतं.

इंकुबा म्हणजे वीज, आकाशातली. चार पुरुष आणि ही एक बाई. चौघे साथीच्या त्या वर्षांत गेले, जेव्हा किट्वेतल्या सुतारांना टेबलं-खुर्च्या करायला फुरसत उरली नव्हती आणि रस्त्याच्या कडेला नुसत्या शवपेट्या उभ्या असत. एकेकाची बातमी त्याला कुठून ना कुठून कळली होती. पाचवीची कळली नव्हती. ती त्याने आपण होऊन त्यात मिळवली. चौघे गेले तिथे पाचवी कशाला मागे राहील, असं त्याने केव्हातरी धरून चालायला सुरुवात केली आणि पुढे ते खरंच होऊन बसलं. खरं म्हणजे मेलेल्या माणसांचं एक बरं असतं. त्यांच्या तबकड्यांत आता भर पडत नाही, त्यांचं कुणी काही वेगळं सांगायला येत नाही, झाकण लावलं की लागतं. घरी त्याच्या खोलीतल्या लोखंडी मांडणीत ते सगळे उभे होते, अस्तर बदललेल्या कव्हरांत, पाठीला पाठ लावून, आणि त्याला वाटायचं की आता आपल्याइतकं त्यांचं कुणीच उरलेलं नाही.

बाई गोळ्यांची पुडी घेऊन बाहेर आली, तर तो आपला नंबर सोडून तिच्या मागे फाटकापर्यंत गेला.

"बामायो," तो म्हणाला. आई म्हणण्याएवढी ती मोठी नव्हती, पण दुसरं काय म्हणणार. "तुम्ही पूर्वी गायच्या का?"

तिने त्याला बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं. "चर्चवाला आहेस का रे? असशील तर सांगून ठेवते, मी जन्माची कॅथलिक आहे. मला तारायला कुणी पाठवलं असेल तर उन्हात उगाच दमू नकोस."

"नाही. इंकुबामध्ये गायच्या का?"

ती थांबली. पुडी तिने कमरेच्या गाठीत खोचली, सावकाश, जणू त्या कामातून नजर वर काढायची तिला घाई नव्हती. "हे नाव घेणारं अजून कुणी आहे म्हणायचं."

"माझ्याकडे तुमची तबकडी आहे. पहिल्या खेपेची." आपल्या बोलण्यातली ऐट त्याची त्यालाच ऐकू आली.

"म्हणजे दुसरी खेपही निघाली होती?"

"तीन निघाल्या."

"बघा! आणि मी एकही ऐकली नाही." ती हसली, तर वरचे दोन दात नव्हते. "गाऊन झालं आणि वडील लॉरी घेऊन आले. पोट दिसायला लागलं होतं ना माझं. थेट सामफ्याला, तळ्याकाठी. तिथे कुठली आलीय तबकडी आणि कुठलं काय? रेडिओवर लावायचे ते बाप्यांचं धांगडधिंग्याचं गाणं. माझं कधी लागलंच नाही. वाजते का रे अजून? मग चल की, आत्ताच ऐकते."

"आज नको," तो पटकन म्हणाला. "उद्या या. तयारी करावी लागते."

"तबकडीला कसली तयारी? नवरी आहे का ती?" पण ती कबूल झाली. शनिवारी तिला परत सामफ्याला जायचं होतं. तोवर ती इथे भाचीकडे, जुस्तीनाकडे, होती.

घरी जाताना त्याला तिचे बूट आठवले, इंकुबाचा कार्यक्रम झाला होता त्या रात्रीचे. चेहरा त्याने तेव्हा पाहिलाच नव्हता. तो पोरसवदा होता, तिकीट नव्हतं. खाणीच्या करमणूक हॉलच्या मागच्या भिंतीला जमिनीलगत हवेसाठी झरोके होते, आणि त्यांतल्या एकाला डोळा लावून तो गवतात पालथा पडला होता. कानाशी डास. गिटार अशी गुरगुरत होती की भिंत दातांत जाणवायची. झरोक्यातून दिसत होते नुसते पाय. चौघांच्या घोळदार विजारी, आणि मध्ये उंच टाचांचे लाल बूट. सगळं थांबलं, चौघांचे पाय मागे सरकले आणि लाल बूट एकटेच पुढे आले. त्या गाण्यात ती तळ्यावर गेलेल्या माणसाला हाका मारते. ब्वेला, ब्वेला. परत ये, परत ये. बूट जराही हलले नाहीत. पुढे खाणीच्या प्रयोगशाळेत तांब्याचे नमुने तोलताना, तराजूचा काटा थरथरून स्थिर होताना, त्याला ते न हलणारे बूट कितीदा तरी आठवायचे. मग खाणी विकल्या गेल्या, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, आणि हाताला काहीतरी अचूक करायची सवय तेवढी राहून गेली. त्याने तबकड्या गोळा करायला सुरुवात केली ती तेव्हा. जिथे कुणी जाऊन घर रिकामं होई तिथे तो जायचा. बायका रडत असायच्या आणि तो दाराशी टोपी काढून उभा राहायचा, योग्य तितका वेळ थांबून मग हळूच विचारायचा की जुनं वाजवायचं काही आहे का. इंकुबाची पहिल्या खेपेची त्याला शेजारच्या लुआन्श्या गावात मिळाली, पलंगाखाली, कोंबडी खुडूक बसली होती त्या खोक्याच्या तळाशी. आणि कोंबडीने ती अशी राखली होती की तिच्यावर केसाएवढा ओरखडा नव्हता. गाणी संपल्यावर लेबलाभोवती जी कोरी काळी पट्टी उरते तिच्यात कारागिराने सुईने कोरलेले आकडे अजून खरखरीत होते. ती तो सहसा वाजवत नसे. ऐकायला दुसऱ्या खेपेची होती. पहिली असायला होती.

"कोण येणार आहे म्हणालात?" एक्सिल्डाने विचारलं. ती अंगणात मक्याचं पीठ चाळत होती.

"इंकुबाची गायिका."

"जिवंत माणूस? तुमच्या खोलीत?" तिने चाळणी थांबवली. "बाशी मुसोले, बघा हं, ती बोलेल, खोकेल. तिला कव्हर नाही घालता येणार."

मुलगा मुसोले लुसाकाला गेल्याला खूप दिवस झाले होते, तरी एक्सिल्डा नवऱ्याला मुसोलेचा बाप म्हणूनच हाक मारी; तिला स्वतःला सगळे बाना मुसोले, मुसोलेची आई, म्हणत. त्या खोलीबद्दल ती भांडत नसे. एकदाच म्हणाली होती, की सवत असती तर निदान भाजी निवडायला तरी आली असती.

स्कोलास्टिका आली ती दुसरा, फुलाफुलांचा चितेंगे नेसून, डोक्याला तशाच कापडाचा रुमाल. एक्सिल्डाने आंबवलेल्या मक्याच्या मुंकोयोचे पेले भरून आणले, भाजलेले, खारवलेले शेंगदाणे आणले, आणि दोघी बायका लगेच गुडघेदुखीवर आणि गोळ्यांनी तोंड कडू होतं यावर बोलू लागल्या. तो कधीच तयार होता. सुई बदललेली, तबकडीवरून मऊ फडकं फिरवलेलं. त्याने ती दोन तळव्यांच्या कडांत धरली, खाली ठेवली, आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यावर सुई अलगद सोडली. काही क्षण नुसती करकर. मग ती. त्याच्या छातीत नेहमीसारखं काहीतरी वर उचललं गेलं. तो आवाज काचेच्या कडेसारखा होता, उंच, पातळ, आता तुटेल आता तुटेल असा, आणि तो न तुटण्यातच प्रोटासिओचं सगळं तारुण्य अडकलेलं होतं. त्याने चोरून तिच्याकडे पाहिलं. ती तोंड अर्धवट उघडं ठेवून ऐकत होती. शेंगदाणे मुठीतच होते. तो वाट पाहत होता. डोळे भरून येतील याची असेल कदाचित.

"हे कोण?" ती म्हणाली.

"तुम्ही."

"मी?" आणि ती हसायला लागली, दंड हलेपर्यंत हसली. "अगं बाना मुसोले, ऐकतेस का? ही मी म्हणे! मी काय अशी चिमणी होते? अरे, हे पळतंय! गाणं पळतंय, कळत नाही का तुला?"

त्याला कळेना.

"त्या दिवशी वीज नव्हती. जनरेटर लावला होता, दमेकऱ्यासारखा. यंत्र आपलं रडतखडत फिरतंय, फिती गुंडाळतंय. आमचा गिटारवाला म्हणाला पण होता, थांबू या. पण थांबतंय कोण? मग ते कारखान्यात नेलं, तिथली वीज धडधाकट. झालं! मंद गतीत भरलेलं, भरभर वाजतंय." तिने मान हलवली. "म्हणजे हे असं सगळ्यांनी ऐकलं. इतकी वर्षं. आणि कुणाला काही वाटलं नाही?"

"सगळ्यांना फार आवडतं," तो म्हणाला. लांबून गोरी माणसं विमानाने हे ऐकायला येतात, हेही सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण ते आता कुठे बसेना. त्याला राग आल्यासारखं झालं होतं, तिचा की जनरेटरचा ते समजत नव्हतं. गाणं संपलं. सुई कोऱ्या पट्टीत जाऊन ठकठकू लागली.

"बघू," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

नाही कसं म्हणायचं? जिची तबकडी, तिच्याच हातात ती देत नाही असं सांगायला शब्द कुठले आणायचे? त्याने ती कडांना धरून उचलली आणि तिच्याकडे सरकवली. तिने ताटली घ्यावी तशी घेतली, चारी बोटं खाली आणि अंगठा वर, सरळ रेघांवर. उजेडाकडे तिरपी केली. "यात कुठे आहे रे ते?"

"ती आतली. शेवटची पट्टी."

"एवढीशीच?" ती थोडा वेळ त्या काळ्या चकाकीत पाहत राहिली. मग म्हणाली, "असं नव्हतं ते. असं होतं." आणि तबकडी तशीच हातात धरून तिने गायला सुरुवात केली.

प्रोटासिओला दिसत होता अंगठा. तो रुंद होता, नखाशी चिरलेला, मासळी सोलून सोलून कडेला पांढुरका पडलेला. त्याच्यावर शेंगदाण्याचं तेल होतं. मिठाचे कण होते, तो ते कण पाहू शकत होता, आणि मीठ म्हणजे किती कठीण, सूक्ष्मदर्शकाखाली ते कसं धारदार दिसतं, हे त्याला प्रयोगशाळेपासून माहीत होतं. ती श्वास घेई तेव्हा अंगठा सैल होई. ओळीच्या शेवटी दाबला जाई. एकदा तो सरकला. अगदी थोडा, पण सरकला, आणि त्याच्या मागे एक धुरकट पट्टा उमटलेला दिसला. आता घ्यावी का हातातून? मध्येच? वाईट दिसेल. कडव्याच्या शेवटी घेऊ. पण कडवं संपलं आणि ती थांबली नाही, आणि तो दोन्ही हात किंचित पुढे करून बसून राहिला, पडणारं मूल झेलायला बसावं तसा. मग केव्हातरी गाणं संपलेलं होतं. दारात एक्सिल्डा उभी होती. तिच्या ओल्या हातांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं आणि ते तिला समजत नव्हतं.

"असं होतं," स्कोलास्टिका म्हणाली. कपाळावर घाम आला होता. तिने तबकडी परत केली.

"छान," तो म्हणाला, आणि ती कडांना धरून घेतली.

जाताना फाटकाशी ती म्हणाली, "ये की सामफ्याला. तळ्याकाठी बसून सगळीच म्हणून दाखवीन. ती धांगडधिंग्याची सुद्धा." ती वळणाआड जाईपर्यंत तो थांबला असेल नसेल. आत येऊन त्याने गाळलेलं पाणी घेतलं, मऊ फडकं घेतलं, आणि रेघांच्या दिशेने, गोल, गोल, तो ठसा पुसून काढला. ओरखडा नव्हता. उजेडात तीनतीनदा पाहिलं, कुठेच काही नव्हतं. तबकडी होती तशी झाली होती.

एक्सिल्डा अजून दारातच होती. "तुम्हाला भरून नाही आलं?"

"कशाने?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग पेले उचलून घेऊन गेली.

लक्षात ते हळूहळू आलं. आधी त्याने विचार केला तो जनरेटरचा. खरा वेग किती असेल, किती टक्क्यांची तफावत, याची मनात गणितं मांडली. मग एक दिवस भाजीबाजारातून परतताना त्याला वाटलं, तिचा तो खरा आवाज जरा आठवून बघावा. आठवायला गेला तर अंगठा आला. मीठ आलं. सरकलेला धुरकट पट्टा आला. त्याने रस्त्यात थांबून डोळे मिटले, लोक धक्के देत पुढे गेले, एका बाईने टोमॅटोची पाटी सांभाळत "मुडाला, म्हाताऱ्या, झोपायचंय तर घरी जा," म्हणून सुनावलं. एकही सूर येईना. चढ की उतार, तेही सांगता येईना. शब्द येत होते, पण ते तबकडीतल्या आवाजात, चिमणीसारखे पळत. म्हणजे ती समोर बसून गात होती तेव्हा आपण कुठे होतो? आणि केवळ तेव्हाच नव्हे. त्या सगळ्या दारांत, टोपी काढून, योग्य तितका वेळ थांबलेलो असताना? तिथेही कुणी कुणी काही बोललं असेल. त्याला आठवत होती ती कव्हरं, कुठलं कोपऱ्यात दुमडलेलं, कुठल्यावर चहाचा डाग.

सामफ्याला जायचं त्याने ठरवलं. पण नुसतं कसं जायचं? या खेपेला आवाज नीट धरून आणायला हवा होता. त्याने लुसाकाला मुसोलेला फोन करून ध्वनी टिपायचं चांगलं यंत्र मागवलं. आलं ते त्याला पसंत पडलं नाही, त्यात पार्श्वभूमीला सूं असा आवाज येत होता. दुसरं मागवलं. तळ्यावर वारा असतो म्हणून यंत्राच्या तोंडावर चढवायची बोंडी शिवून घेतली. एक्सिल्डा म्हणाली, "अहो, कान घेऊन जा की!" ती थट्टेत म्हणाली, पण हसली नाही. मग सामफ्याकडे जाणाऱ्या मान्साच्या रस्त्यावर पावसाने खड्डे पाडले. मग त्याच्या घोट्याला सूज आली. मग बाजारात जुस्तीना भेटली, तिने नमस्कारासाठी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "मावशीचं कळलं का? अर्धं अंग गेलं तिचं. वाचा बसली."

बस काँगोच्या चिंचोळ्या पट्ट्यातून गेली, पूल ओलांडला, आणि दुसऱ्या दिवशी तो सामफ्यात होता. तळं एवढं मोठं होतं की पलीकडे काही नव्हतं. ती घराच्या सावलीत चटईवर, भिंतीला टेकून बसली होती, एक हात मांडीवर पाकिटासारखा ठेवलेला. समोर जाळ्यावर मासे वाळत होते. तो तिच्यासमोर खाली बसला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "बामायो! मी! किट्वेचा! तबकडीवाला!"

"ओरडू नका," मागून तिची थोरली बहीण म्हणाली. "बहिरी नाही झाली ती. सगळं कळतं तिला. बोलता येत नाही एवढंच."

स्कोलास्टिकाने त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं, डोळ्यांत अगदी थोडं हसूही आलं असावं. तिने तोंड उघडलं आणि घशातून एक सूर नसलेला आवाज आला, परत आला, आणि मग कंटाळून तिने तोंड मिटलं व ती माशांवर बसणाऱ्या पाखरांकडे बघायला लागली. पिशवी त्याच्या गुडघ्याशी होती. तिच्यात यंत्र होतं, बोंडी होती, जादा बॅटऱ्या होत्या. पिशवीची चेन उघडली जाऊ नये म्हणून त्याने तिच्यावर हात ठेवला. बहिणीने उब्वाली आणि मासे वाढले. तो जेवला. मक्याच्या त्या पांढऱ्या गोळ्याचा छोटा घास करून त्याने तो स्कोलास्टिकाच्या तोंडाशी नेला आणि तिने तो खाल्ला, सावकाश, बऱ्या बाजूने. निघायची वेळ झाली. "मी ऐकलं नाही," असं त्याला सांगायचं होतं. तो म्हणाला, "येतो."

परतल्यावर काही दिवस तो खोलीत दार लावून बसे. फिरत्या थाळीच्या कडेला बोट टेकवून तो तबकडीचा वेग कमी करी, कमी करी, की कुठेतरी त्या चिमणीतून ती निघेल. आवाज उतरत जाई, जाड होई, आणि मग एकाएकी ती बाईच राहत नसे; खोल आडातून कुणी घोगरा पुरुष रडत असल्यासारखं काहीतरी येई. बोट उचललं की चिमणी पुन्हा पळत सुटे. मधली जागा कुठेतरी असणार. ती हीच, असं म्हणायला कानात काहीच शिल्लक नव्हतं.

अशाच एका सकाळी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला तर एक्सिल्डा पाठमोरी भोपळ्याचा पाला चिरत होती, आणि गुणगुणत होती. तिला गाता येत नव्हतं. चर्चमध्येही ती मागच्या ओळीत नुसते ओठ हलवायची. पण सुरीच्या तालावर, अडखळत, ते खालच्या पट्टीत, संथ, चाललं होतं. एक ओळ वर जाता जाता गेलीच नाही, तिथेच रेंगाळली, आणि मग उतरली. ब्वेला. त्याच्या हातातला पेला तसाच राहिला.

"हे तिचं?" तो म्हणाला.

ती दचकली. "कुणाचं? हां." तिने पाला पातेल्यात लोटला. "त्या दिवसापासून डोक्यात बसलंय मेलं."

"पुन्हा म्हण."

"मला कुठे येतंय? तुम्हीच ऐकलंत ना जवळून. मी आपली दारात."

तिने मागे वळून पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं, आणि त्या पाहण्यात चिडवण्याचं काही नव्हतं. मग ती पुन्हा पाल्याकडे वळली आणि पहिल्यापासून म्हणू लागली. तो दाराला टेकला. पुढे एके ठिकाणी ती अडली, तेच शब्द दोनदा घेतले, "इथून पुढचं नाही येत," म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, आणि तिने पुन्हा म्हटलं. आज ती ओळ कालच्याइतकी रेंगाळली नाही. लवकर उतरली, थोडी वेगळीकडूनच. कालचं बरोबर की आजचं, हे विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं. मग त्याने बसायचा पाट ओढला, तिच्या शेजारी खाली बसला, आणि ती म्हणत होती ते ऐकत राहिला.